पाच नंबरचा जबडा

१ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी डायरी. औषध कंपनीची आहे, मधे मधे माउथवॉशच्या जाहिराती, पण कागद चांगला. ही फक्त माझ्यासाठी. बायकोच्या, रागिणीच्या हाती लागू नये म्हणून दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार.

संकल्प.
एक. पीएचडी या जूनमध्ये संपवायचीच. आठ वर्षं झाली. त्यातली सात वाचनात गेली, पण वाचन पक्कं पाहिजे.
दोन. रोज डायरी.
तीन. खर्रा बंद. (तसं मला व्यसन नाही. तंबाखू-सुपारी मी एकाग्रतेसाठी तोंडात धरतो. व्यसन कशाला म्हणतात हे दातांच्या डॉक्टरला पेशंटपेक्षा जास्त कळतं.)

जूनचीच घाई का? कारण ३० जूनच्या आत प्रेझेंटेशन झालं नाही तर कॉलेजातली प्रोफेसरची जागा डॉ. अमोल काळमेघला जाणार. हा पोरगा माझ्या हाताखाली शिकला. याला सिरिंज धरायला मी शिकवलं. उद्या हा माझ्या सुट्टीच्या अर्जावर सही करणार? मेलो तरी नाही.

८.३०
नाश्ता करताना रागिणी म्हणाली की तुमच्या कानापाशी कटकट आवाज येतो, कडी उघडल्यासारखा. मी म्हटलं, जबड्याच्या सांध्यावरच माझी पीएचडी आहे, मला शिकवू नको. ती म्हणाली, म्हणून तर सांगून राहिली.

२ जानेवारी
विषय एकदा सोप्या भाषेत लिहून ठेवतो, भाषणात कामी येईल. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडलं की जे हलतं तो सांधा. जबड्याच्या हाडाचं डोकं आणि कवटी यांच्या मधे एक बारकी चकती असते, नळाच्या वायसरसारखी. हाडाच्या डोक्यावर कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, पातळ थर. चकतीला भोक पडलं तर ही कूर्चा काय करते? जाड होते, की फाटते, की झिजून हाड उघडं पडतं? माणसं आपल्या चकतीला भोक पाडू देत नाहीत. म्हणून शेळी.

शेळ्या सहा. एक ते चार नंबरला उजव्या बाजूला भोक. पाच आणि सहा कंट्रोल, म्हणजे नुसती कातडी कापून परत शिवायची, सांध्याला हात लावायचा नाही. सगळा खेळ कंट्रोलवर असतो. तिला काहीच होऊ द्यायचं नाही, तेव्हा कुठे बाकीच्यांना काय झालं ते कळतं. काळमेघला हे कधीच समजलं नाही.

शेड अकोल्याला. तिथल्या जनावरांच्या सर्जन डॉ. गजाला मॅडम माझ्या को-गाईड. म्हणजे दर शनिवारी अमरावती-अकोला.

४ जानेवारी, शनिवार, अकोला
शेळ्या आल्या. शेळ्यांचे व्यापारी इनायतुल्लाभाई यांनी आणल्या. मी सगळ्यांची तोंडं उघडून तपासली आणि सहाही शेळ्यांना समोरचे वरचे दात नाहीत असं आढळलं. इनायतुल्लाभाईंना स्पष्ट बोललो की सरकारी कामात असा म्हातारा माल चालणार नाही. त्यांनी एका शेळीचा ओठ वर केला. मग म्हणाले, डॉक्टरसाब, बकरीको ऊपर के सामने के दात होतेच नहीं, खुदाने दियेच नहीं. शेडवरचे नत्थुजी तोंडाला दुपट्टा लावून बाहेर गेले. गजाला मॅडम मोबाइल बघू लागल्या.

मी त्यांची परीक्षा घेत होतो हे त्यांना कळलं नाही. तिवशाच्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलो मी. मले शेळी शिकवतात.

येताना गुलफामच्या पानठेल्यावर खर्ऱ्याची एक पुडी घेतली. प्रवासात नियम लागू नाही.

१८ जानेवारी, शनिवार
ऑपरेशन झालं. मी केलं. चाकू गजाला मॅडमच्या हातात होता, पण दिशा माझी. चौघींच्या चकतीला भोकं, पाच आणि सहाला नुसते टाके. दुसऱ्या नंबरच्या वेळी मी जरा बाहेर गेलो होतो. रक्तामुळे नाही. फोन आला होता.

संध्याकाळी पाच नंबर उठून उभी राहिली आणि सरळ माझ्याजवळ आली. तपकिरी, एक कान पांढरा. माझ्या शर्टाचा खिसा हुंगला. जनावराला माणूस ओळखता येतो.

२५ जानेवारी, शनिवार
शिस्त लावली. शेडवर लॅमिनेट केलेला बोर्ड: बाहेरील खाद्य देण्यास सक्त मनाई. नत्थुजींना एक जाडं रजिस्टर दिलं. सांगितलं की कोणत्या शेळीच्या तोंडात काय गेलं ते रोज लिहायचं, कुटार असो, ढेप असो, नाहीतर कागदाचा कपटा असो. काही लपवायचं नाही, कोणाची भीडमुर्वत ठेवायची नाही. नत्थुजींनी दोनदा विचारलं, काईबी? मी म्हटलं, काहीही. ते म्हणे, कोनं बी देल्लं तरी? मी म्हटलं, कलेक्टरनं दिलं तरी.

दर शनिवारी पानावर सही करायचं ठरलं. पहिली सही केली. अक्षर किचकट आहे, वाचत बसलो नाही. माणसावर विश्वास टाकावा लागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
सव्वा महिन्याचा हिशोब: डायरी जवळपास रोज (मनात). खर्रा फक्त शनिवारी, आणि बुधवारी कारण बुधवारी ओपीडी असते, आणि सोमवारी.

पाच नंबर गंमतच करते. मी बादली उपडी घालून बसलो की येऊन मांडीवर हनुवटी ठेवते. आज हातातली प्लॅस्टिकची पन्नी हिसकून अर्धा खर्रा गट्टम केला. सुपारी कडाकडा फोडली. मी दिला नाही, तिनं घेतला. विज्ञानात याला फरक आहे.

तिच्यापाशी काळमेघचं सगळं सांगितलं. शांतपणे ऐकत होती. घरी हे होत नाही.

१ मार्च, शनिवार
पाच नंबर आता गाडीचा आवाज ओळखते. बाकीच्या ढेपेवर तुटून पडतात, ही दाराशी उभी. थोडासा दिला. अर्धी पुडी म्हणजे किती असते? सुपारीचे दहा-बारा तुकडे. शेळी काय काय खाते, बाभळीच्या शेंगा खाते, काटेही खाते. दहा तुकड्यांनी काही होत नसतं.

रजिस्टरवर सही.

९ मार्च, रविवार, तिवसा
चुलतभावाच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम. वांग्याची भाजी फर्स्टक्लास. तिसऱ्या रोडग्याला तोंड उघडलं ते अर्ध्यात अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. पाचसहा सेकंद. मग कट् असा आवाज होऊन सुटलं, पलीकडच्या पंगतीतल्या दुर्गाबाईकाकूंनी मागे वळून पाहिलं.

रोडगे नीट भाजले नव्हते. चुलतभावाला तसं सांगितलं. तो म्हणाला की मग बाकीचे पस्तीस लोक कसे खाऊन राहिले? गावातल्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

रात्री आरशासमोर तोंड मोजलं. नॉर्मल माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. माझी अडीच गेली. माझी बोटं जाड आहेत.

२२ मार्च, शनिवार
नत्थुजींनी आज शेडमागे नेऊन हळूच सांगितलं. म्हणे, साहेब, पाच नंबर चारा कमी करून राहिली. दिवसभर नुसतं तोंड हालवते. मी समजावलं, नत्थुजी, त्याला रवंथ म्हणतात. ते म्हणे, रवंथ तं बाकीच्या बी करतात, माह्या घरची गाय बी करते. पन हिच्या कानापाशी कटकट वाजते. आन्‌ शनिवारी तुमी गेले का लय ओरडते.

मग म्हणे, साहेब, थे पन्नीवालं बंद करा ना.

मला राग आला. शेड अटेंडंट मला प्रयोग शिकवणार! सांगितलं, तुमचं काम लिहिण्याचं आहे, लिहा. ते म्हणे, लिवून तं राहिलो, साहेब, रोज लिवून राहिलो.

कटकट स्वतः ऐकली. खरंच येते. वहीत नोंद: कंट्रोल प्राण्यात आपोआप आवाज. मोठी गोष्ट असू शकते.

१२ एप्रिल
रागिणीच्या बोटांनी मोजलं. तिची तीन गेली. म्हणजे सगळं नॉर्मल. ती म्हणाली, माझी बोटं बारीक आहेत आणि तिसरं तुम्ही ढकलून घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी का आलं कळलं नाही. तिला सांगितलं, जूनपर्यंत थांब, प्रोफेसरीण होशील. ती म्हणाली, मले नाई पाहिजे, मले तुमी धडपणे भाकर खाल्लेले पाहिजे. एरवी शुद्ध बोलते. चिडली की तिचं माहेर, चांदूर बाजार, बाहेर येतं.

तिला वचन दिलं की खर्रा १ मेपासून बंद. महाराष्ट्र दिन. मुहूर्त चांगला आहे.

१ मे
सुट्टीच्या दिवशी असे निर्णय अंमलात आणू नयेत. माणूस मोकळा असतो.

३ मे, शनिवार, अकोला
पंधरा आठवडे पूर्ण. आज सहाही शेळ्या गेल्या. प्राणी-प्रयोग कमिटीच्या नियमाप्रमाणे, इंजेक्शननं, त्रास न होता. कूर्चा बघायची तर दुसरा रस्ता नाही.

मी आत थांबलो नाही. पंचेचाळीस डिग्री होतं, शेडमध्ये हवा नव्हती. त्याआधी पाच नंबरजवळ बसलो. अख्खी पुडी दिली. तिनं खाल्ली, पन्नी चाटली, मांडीवर हनुवटी ठेवली. नत्थुजींनी तिची दोरी धरली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाईट वाटलं. मुर्तिजापूरपर्यंत काही सुचलं नाही.

पण विज्ञान विज्ञान आहे. नत्थुजींनी रजिस्टर पूर्ण करून दिलं. शेवटच्या पानावर सही केली आणि ते गजाला मॅडमच्या कपाटात गेलं.

२७ मे, दुपारी ४
रिपोर्ट आला!!

हाड मऊ करून, कापून, स्लाइड रंगवायला तीन आठवडे गेले. एक ते चार नंबर पुस्तकात असतं तसंच. कूर्चा आधी जाड झालेली, पेशींचे घोळके, वरचा थर फाटून झालरीसारखा, दोघींत हाड उघडं. न कापलेल्या डाव्या बाजूलाही थोडा परिणाम, कारण जनावर त्या बाजूनं जास्त चावतं. सहा नंबर स्वच्छ, काचेसारखी.

आणि पाच नंबर! जिच्या चकतीला कोणी हातही लावला नाही, तिची कूर्चा दोन्हीकडून खलास. दोन नंबरपेक्षाही वाईट. चकतीसुद्धा पातळ पडलेली.

हा शोध आहे. जगात आजवर सगळे चकतीला भोक पाडत बसले. मी सिद्ध केलं की भोकाची गरजच नाही. चार दुखणाऱ्या शेळ्यांच्या संगतीत राहिली, ताण घेतला, सांधा गेला. नाव सुचलं: गावंडे फिनॉमेनन. प्रीतम गावंडे. इंग्रजीत चांगलं वाटतं.

गाईड सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी तीनदा विचारलं, नक्की पाच नंबरच ना? भारावले असावेत.

५ जून
गजाला मॅडमचे चार फोन. उचलले नाहीत. त्यांना पेपरवर आपलं नाव पहिलं पाहिजे असणार. व्हॉट्सॲपवर पाच नंबरच्या दाढांचा फोटो पाठवला आहे. मी सांध्यावर काम करतो, दाढांवर नाही. डाउनलोड केला नाही.

१४ जून
सकाळी उठलो तर तोंड उघडेना. शेकल्यावर वीस मिनिटांनी उघडलं. उकाड्यामुळे सांधे धरतात. आता आमरस, आंबील, खिचडी. वजन चार किलो कमी झालं. सूटमध्ये चांगला दिसेन.

माझी दोन बोटं. दुसरं थोडं तिरपं.

२० जून
पीजीची विद्यार्थिनी प्रणाली स्लाइड्स लावायला मदत करते. हुशार आहे. तिनं विचारलं, सर, पाच नंबरचं फीड रजिस्टर बघायचं का एकदा? मी म्हटलं, प्रत्येक पानावर माझी सही आहे, याच्यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?  मी एक स्लाइडच टाकली: संपूर्ण फीड रेकॉर्ड उपलब्ध, संशोधकाने स्वतः पडताळलेले.

२७ जून, रात्री ९
उद्या. एकाग्रतेसाठी एकच. उद्यापासून कायमचा बंद, कारण प्रोफेसरला ते शोभत नाही.

२८ जून, शनिवार, रात्री
काय लिहू.

हॉल भरलेला. सगळे दातांचेच डॉक्टर. काळमेघ पहिल्या रांगेत. चाळीस मिनिटं बोललो, जबडा गरम पाण्यानं शेकून गेलो होतो. गावंडे फिनॉमेननची स्लाइड आली तेव्हा काळमेघ पुढे सरकून बसला.

मग गजाला मॅडम उठल्या. अकोल्याहून मुद्दाम आल्या होत्या. म्हणाल्या, सर, मी महिनाभर फोन करतेय, तुम्ही उचलत नाही, म्हणून इथे विचारते. पडद्यावर तोच फोटो लावला. पाच नंबरच्या दाढा. तांबड्या-काळ्या, फटीत सुपारीचे तुकडे रुतलेले. असा डाग आमच्या ओपीडीत रोज तीसजणांच्या तोंडात असतो. कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

नंतर त्यांनी रजिस्टर काढलं. मोठ्यानं वाचलं. आठ फेब्रुवारी: पाच नंबर, ढेप पाव किलो, कुटार, साहेबाचा खर्रा आर्धी पुडी. एक मार्च: साहेबाचा खर्रा आर्धी पुडी. बावीस मार्च: साहेबाचा खर्रा, साहेबाले नाई म्हनलं, साहेब रागावले. तीन मे: साहेबाचा खर्रा, पूर्ण पुडी, साहेब रडले.

मधले शनिवारही वाचले. एकही सुटला नव्हता. प्रत्येक पानाखाली माझी सही, तारखेसकट.

गाईड सरांनी विचारलं, गावंडे, यावर काही बोलायचंय? मला होतं. खूप बोलायचं होतं. तोंड उघडायला गेलो आणि आतून कट् झालं. माइक जवळ होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

त्यानंतर उघडलंच नाही. आणि हॉलभर डॉक्टर. अर्ध्या मिनिटात बाराजण माझ्याभोवती, कोणी कान दाबतंय, कोणी टॉर्च मारतंय. काळमेघनं बोटं घालून मोजलं. दीड, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. बोटं माझ्यापेक्षा बारीक आहेत त्याची.

२९ जून
बोलता येत नाही. रागिणीनं खिशातली पुडी काढून कचऱ्यात टाकली. 

९ जुलै
एमआरआय झाला. उजवी चकती सरकून अडकली आहे, मध्ये भोक. हाडावरची कूर्चा बरीच गेलेली. डावीकडे सुरुवात. गाल आतून सुपारीनं आवळले आहेत. इंजेक्शनं, व्यायाम, मग बघू. प्रणालीनं केस पेपर लिहिला. ‘सवय’ या रकान्यात मी ‘काहीच नाही’ अशी खूण केली होती. तिनं ती मान खाली घालून खोडली.

प्रोफेसरची जागा काळमेघला गेली. सुट्टीच्या अर्जावर त्यानंच सही केली. लगेच केली, हे मान्य करावं लागेल.

माझ्या प्रयोगाचं पूर्ण वाटोळं झालं नाही असं गाईड सर म्हणतात. पाच नंबरला कंट्रोलमधून काढायचं आणि वेगळा गट करायचा, सुपारी चावणारा. गटात एकच प्राणी कसा चालेल, म्हणून काळमेघनं माझं नाव सुचवलं. पेपर तोच लिहिणार आहे. संमतीपत्र पाठवलं, मी सही केली. सही झाल्यावर रागिणीनं विचारलं, वाचलं का? नव्हतं. मग तिनंच मागचा तक्ता वाचून दाखवला.

गट तीन. एक, शेळी, मादी, वय दोन वर्षं. दोन, पुरुष, वय त्रेचाळीस. सांध्यात आवाज: दोघांत. चकती खराब: दोघांत. कूर्चा झिजलेली: दोघांत. शेवटचा रकाना, सुपारी कोणी दिली. शेळीपुढे लिहिलं आहे, संशोधकाने. माझ्यापुढे लिहिलं आहे, स्वतः.

रागिणीनं कागद घडी करून ठेवला. मला तिला सांगायचं होतं की पाच नंबरचा एक कान पांढरा होता, ते तक्त्यात कुठेच नाही. पण दीड बोटातून तेवढं निघत नाही. तिनं खिचडी आणखी पातळ करून आणली. चमचा मोठा होता. हातानं खूण केली, तेव्हा चहाचा आणला.